चपलांजवळची खुर्ची

सरांशी भांडण झालं की त्या माणसानं शनिवारी संध्याकाळी घरी थांबायचं, हे आमच्या शाळेत कुणी न सांगताच ठरून गेलेलं होतं. कारण सर यायचेच. स्कूटर दारापासून चार हात लांब लावायचे, हेल्मेट काखेत धरायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि आधी प्यायला पाणी मागायचे. पाणी पिऊन झालं की तांब्या जपून खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "माझा आवाज चढला होता. त्याची माफी मागायला आलोय. मुद्द्याची नाही."

आता सांगा, अशी अर्धी माफी ऐकून कुणाचा राग जाईल? उलट वाढायचा. आमचे मुख्याध्यापक तर म्हणायचे की यापेक्षा मागूच नका, मला जरा बरं वाटेल. पण सरांना त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे उपासनेचा दिवस. कुणाच्या मनात आपल्याबद्दल काही असताना देवासमोर जायचं नाही, आधी त्या माणसाचं दार गाठायचं, मग देवाचं, हे त्यांच्या प्रभूनं सांगून ठेवलंय आणि सर ते अक्षरशः पाळायचे. पुष्कळ लोक पुष्कळ धर्मांतलं पुष्कळ काही वाचतात आणि मान डोलावतात. हे गृहस्थ स्कूटर काढायचे.

सर मूळचे नगरकडचे. आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. बायको कर्जतला सरकारी दवाखान्यात नर्स होती, म्हणून ते इकडे आले आणि कर्जत-खोपोली रस्त्यावरून आत गेल्यावर डोंगराच्या पायथ्याशी आमची जी शाळा आहे, तिथे विज्ञान आणि गणित शिकवायला लागले. मी त्यांच्यानंतर बारा वर्षांनी लागले. मराठी आणि इतिहास. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहेरीच सांगितलं गेलं होतं, त्यामुळे माझं आणि त्यांचं जमणार नाही हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं.

ख्रिस्ती माणूस म्हणजे मऊ, हळू बोलणारा, असं माझ्या डोक्यात कुठून तरी बसलेलं होतं. सरांनी ते पहिल्या महिन्यातच काढून टाकलं. राग त्यांच्या नाकावर असायचा. शिपायानं घंटा तीन मिनिटं आधी दिली, भांडण. खिचडीतली डाळ पातळ झाली, भांडण. सराव परीक्षेत कुणाला तरी उगाच चार गुण वाढवून द्यायचे ठरले, मोठं भांडण. राग आला की ते हातातला खडू मुठीत आवळायचे. मीटिंग संपेपर्यंत त्याचा चुरा व्हायचा आणि तळहात पांढरा पडायचा. आम्ही शिक्षक त्यांच्या तोंडाकडे बघायचोच नाही, हाताकडे बघायचो. नुसती बोटं पांढरी असली तर प्रकरण हलकं. मनगटापर्यंत गेलं असेल तर ज्याच्याशी वाद झाला त्याच्या घरी शनिवारी पोह्यांची तयारी.

माझ्या घरी ते पहिल्यांदा आले ते भोंडल्यामुळे. मी मुलींची तालीम प्रयोगशाळेत घेतली, कारण तिथे सावली होती, आणि फेर धरताना एकीच्या ओढणीनं पाच परीक्षानळ्या खाली आल्या. सर मुलींसमोर माझ्यावर ओरडले. शनिवारी आमच्या ओट्यावर हजर. पाणी, तांब्या, माफी, मुद्दा. सासूबाई दारात बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमी माफी मागाय आलात का पुन्ना भांडाय?" सर म्हणाले, दोन्ही. सासूबाईंना तो माणूस त्या दिवसापासून आवडला. मला आवडायला बराच वेळ लागला.

आमचे क्लार्क भाऊसाहेब मात्र फार हुशार. त्यांची मुलगी दहावीला होती आणि गणितात कच्ची. त्यांनी काय करावं? गुरुवार-शुक्रवार आला की सरांशी मुद्दाम वाद काढायचे. कधी प्रयोगशाळेच्या सामानाच्या यादीवरून, कधी रजेच्या अर्जावरून. शनिवारी सर घरी गेले की भाऊसाहेब लगेच सगळं मान्य करायचे आणि म्हणायचे, आलाच आहात तर पोरीला तेवढी प्रमेयं दाखवता का. सर दाखवायचे. पोरगी पास होईपर्यंत हे चाललं. मी एकदा सरांना म्हटलं की अहो, तुम्हाला बनवतायत ते. तर म्हणाले, मला ठाऊक आहे, पण मी दर वेळी खरंच चिडतो ना.

वर्गातली त्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ते रोज एक चौकट आखायचे आणि वर लिहायचे, "सरांची चूक". तासात सर चुकले आणि ते एखाद्या मुलानं पकडलं तर ती चूक त्या चौकटीत जायची, आणि पकडणाऱ्याला त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा द्यायचा मान. त्यामुळे आठवीचा अख्खा वर्ग विज्ञानाच्या तासाला डोळ्यांत तेल घालून बसायचा. वाडीवरची मुलं यात सगळ्यांत तरबेज होती. डोंगराच्या पोटाशी जी आदिवासी वाडी आहे, तिथली अकरा मुलं आठवीत होती. सरांनी कुठल्या तरी झाडाचं पान चुकीचं सांगितलं की अकराच्या अकरा हात वर. घंटा बहुतेक वेळा त्यांच्याच हाती असायची.

दिवाळी झाली की ही मुलं आईबापांबरोबर खालापूरकडच्या वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. हे दर वर्षीचं. हजेरीपटात मात्र ती जात नसत. पटात ती रोज हजर असायची. हे कुणी ठरवून केलेलं पाप नव्हतं, आमच्याकडच्या शाळांत ते चालत आलेलं होतं, आणि त्यामागचं कारणही सरळ होतं. मुलं कमी झाली की शिक्षकाची एक जागा जाते. ज्येष्ठतेच्या यादीत ज्याचं नाव शेवटी तो अतिरिक्त ठरतो, आणि मग जिल्ह्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे त्याला पाठवतात. आमच्या यादीत शेवटचं नाव माझं होतं. सर वर्षानुवर्षं यावरून भांडत आले होते, त्यांच्या वर्गाचा, म्हणजे आठवीचा, पट मुख्याध्यापक स्वतः भरायचे, आणि दर वर्षी दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मुख्याध्यापकांकडे पोहे व्हायचे. एवढ्यावर ते थांबलेलं होतं.

त्या वर्षी थांबलं नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि बातमी आली की पटपडताळणीला पथक येणार, मुलं प्रत्यक्ष मोजणार. मुख्याध्यापकांची पाचावर धारण बसली. मग त्यांनीच मार्ग काढला. त्यांच्या मेहुण्याचा खोपोलीला क्लास होता. तिथली अकरा मुलं एका दिवसापुरती आणायची, गणवेश घालायचे, आठवीत बसवायची. पथक गेलं की वडापाव देऊन परत.

मी यात नव्हते असं मी म्हणणार नाही. सकाळी साडेनऊला टेंपोतून ती मुलं उतरली तेव्हा त्यांना नावं वाटून देण्याचं काम माझ्याकडे होतं. तू आज हा, तू आज ती, नाव पुकारलं की हजर म्हणायचं. एका मुलाला त्याचं नवं नाव काही केल्या लक्षात राहत नव्हतं, तर मी ते त्याच्या तळहातावर पेनानं लिहून दिलं. मी हे केलं. नवरा मोहोपाड्याला कंपनीत पाळीवर, सासूबाईंचे गुडघे गेलेले, लेक दुसरीत. मला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पोलादपूरकडे टाकलं तर या घराचं काय होईल, एवढंच मला दिसत होतं.

सर आले, टेंपो बघितला आणि तडक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शिरले. बाहेरपर्यंत आवाज येत होता. शेवटी हात पांढरा करून बाहेर आले. मुख्याध्यापकांनी आम्हाला सांगितलं की मिटलं. सर म्हणालेत, मला विचारलं नाही तर मी होऊन सांगायला जाणार नाही, विचारलं तर खोटं बोलणार नाही. मुख्याध्यापक निर्धास्त होते, कारण वर्गशिक्षकाला कुणी काही विचारत नाही, मुलं मोजतात आणि चहा घेतात.

पथकातले मुख्य साहेब भले गृहस्थ होते. आठवीत आले, डोकी मोजली, आकडा जुळला. कागदावर सही करायला पेन काढलं. मी दारात उभी राहून श्वास सोडला. आणि मग त्या भल्या माणसानं, केवळ चार गोड शब्द बोलावेत म्हणून, सरांना विचारलं, "छान वर्ग आहे सर तुमचा. सगळ्यांना नावानिशी ओळखता?"

सर म्हणाले, "ओळखतो. फक्त अकरा जणांना आज सकाळी पहिल्यांदाच पाहिलं."

पुढचं सांगत नाही. मुख्याध्यापकांना नोटीस आली, संस्थेला आली, पट खाली आला आणि एक जागा गेली. पुढच्या जूनपासून मी अतिरिक्त.

बातमी कळली त्या दिवशी शिक्षकखोलीत माझं तोंड सुटलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. मी म्हटलं, "तुमचा देव तुम्हाला स्वर्गात जागा देईल हो, माझी इथली गेली त्याचं काय?" सर गप्प बसतील असं वाटलं होतं. पण त्यांचाही तोल गेला. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले की वाडीच्या मुलांच्या नावावर पगार खायचा, आणि ती मुलं विटा वाहतायत की शिकतायत हे एकदाही बघायचं नाही, याला नोकरी म्हणतात का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

दोन दिवसांनी भाऊसाहेब माझ्या टेबलाशी आले. हळूच म्हणाले की सर हल्ली शाळा सुटल्यावर भट्ट्यांवर जातात, त्या लोकांत बसतात. धर्माचा प्रचार करतात अशी एक ओळ कुणी वर लिहून दिली तर त्यांचीच बदली होईल. ओळ माझ्या हातची असली तर बरं. मी भाऊसाहेबांना म्हटलं की मी तोंडावर भांडते, पाठीमागून कागद पाठवत नाही, आणि तुमची पोरगी कुणामुळे पास झाली ते जरा आठवा. भाऊसाहेब गोरेमोरे होऊन गेले. त्या रागातही मी एवढं केलं, हे मला आज बरं वाटतं.

पण शनिवारी सर आले तेव्हा मी दार उघडलं नाही. खिडकीतून स्कूटर दिसली आणि मी आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. सासूबाईंना सांगितलं की मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही. त्यांनी बाहेर जाऊन तसंच्या तसं सांगितलं. सर बरं म्हणाले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. अर्ध्या तासानं गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. एकदा आमच्या नळाची तोटी बसवून गेले. एकदा सासूबाईंशी बाजारातल्या करंदी-सुकटीच्या भावावर बोलत बसले. मी आत कपड्यांच्या घड्या घालत सगळं ऐकायची. शाळेत समोर आले तर मी मान वळवायची आणि तेही शाळेत कधी बोलायला आले नाहीत. शाळेतलं भांडण शाळेत मिटवायचं नाही, घरी जाऊन मिटवायचं, हा त्यांचा नियम होता.

चौथ्या की पाचव्या शनिवारी ते गेल्यावर सासूबाई आत आल्या. म्हणाल्या, "आगं, किती ताणशील? तो मानूस काय मागाय येतोय तुज्याकडं? येक सबुद." मी म्हटलं, त्यांनी माझी नोकरी घालवली. त्या म्हणाल्या की नोकरी गेली ती गेली, त्यात त्याला महिनाभर ओट्यावर बसवून काय परत मिळणार हाय का.

डिसेंबरातला तिसरा आठवडा असेल. रविवारी सकाळी सासूबाईंची औषधं आणायला मी कर्जतला गेले. औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत एका घराच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, तिथे ख्रिस्ती मंडळींची उपासना भरते. सर तिथे पेटी वाजवतात हे मला माहीत होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनातही तेच वाजवायचे, आणि फार सुंदर वाजवायचे. त्या दिवशी गल्लीतून गाण्याचा आवाज येत होता, पण पेटी कुणीतरी भलतंच वाजवत होतं. सूर एकीकडे, माणसं दुसरीकडे. मला हसू आलं. वाकून बघितलं आणि हसू गेलं.

शेडच्या दाराबाहेर चपलांच्या रांगा होत्या. त्या रांगांच्या कडेला एक लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि तिच्यावर सर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. पायांत चपला नव्हत्या. त्या काढून त्यांनी इतरांसारख्याच रांगेत लावल्या होत्या आणि अनवाणी बाहेर बसले होते. आत गाणं चाललं होतं आणि हे बाहेरून गात होते. बोटं गुडघ्यावर पेटीसारखी हलत होती. आतला वाजवणारा चुकला की डोळे मिटून घ्यायचे.

मी एका उभ्या टेंपोच्या आडोशाला उभी राहिले. शेजारच्या घरातल्या बाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांना विचारलं की ते सर बाहेर का बसलेत, चपला सांभाळायला का. बाई म्हणाल्या, "छे हो. दिवाळी झाल्यापासून असेच बसतात. कुणाशी तरी मिटायचं राहिलंय म्हणे, ते मिटल्याशिवाय आत जाणार नाहीत. पाळकसाहेबांनी सांगून बघितलं, बायकोनं सांगितलं. ऐकत नाहीत. आणि कुणाशी, ते पण सांगत नाहीत."

मी औषधं घेतली आणि घरी आले. रस्ताभर मी चिडले होते, खरं सांगते. हा काय छळ आहे, हा माणूस माझ्या नावानं उपोषणाला बसलाय की काय, असं मनात म्हणत होते. भाकरी थापताना मात्र एकेक गोष्ट जागेवर यायला लागली. उपोषण करणारा माणूस गावाला सांगून करतो. यांनी नाव सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. सहा शनिवार ते माझ्या ओट्यावर बसले आणि रविवारी आपण बाहेर बसतो हे त्यांनी सासूबाईंना एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. उलट नळ दुरुस्त करून गेले. मी त्यांना माझ्या दाराबाहेर ठेवलं होतं, आणि त्यामुळे ते त्यांच्या देवाच्या दाराबाहेर होते. आणि पुढच्या रविवारी नाताळ होता. तवा तापून धूर यायला लागला तरी माझ्या लक्षात आलं नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शनिवारी मी दुपारपासून दार सताड उघडं ठेवलं. सकाळची शाळा, त्यामुळे एक वाजल्यापासून मी मोकळी. पोहे भिजवले. तांब्या घासून भरून ठेवला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि गालात हसत होत्या. चार वाजले, पाच वाजले, ओट्यावरचं ऊन उतरलं, आणि सर आले नाहीत. सात शनिवारांत पहिल्यांदा. बघा माझं नशीब. मी तयार झाले आणि पाहुणा बेपत्ता. भिजवलेले पोहे शेवटी आम्हीच खाल्ले.

रविवारी सकाळी सहा आसनी रिक्षा धरून मी कर्जत गाठलं. नाताळ असल्यामुळे गल्लीत कागदाच्या चांदण्या लावल्या होत्या, लहान मुलं नव्या कपड्यांत पळत होती, चपलांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. आणि त्या सगळ्याच्या कडेला लाल खुर्ची. सर तिथेच. आज तर गुडघ्यावरची बोटंही हलत नव्हती.

मला बघून ते उठून उभे राहिले. म्हणाले, "काल यायचं राहिलं. भट्टीवर एका मुलीची आई कामावर होती, ती परत येईपर्यंत थांबावं लागलं. मुलीला वाडीवर आजीकडे ठेवायला तयार झाली." आणि मग, त्या गर्दीत, चपलांमध्ये अनवाणी उभे राहून त्यांनी सुरू केलं, "माझा आवाज..."

मी त्यांना पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "आवाज माझा पण होता, सर. आणि मुद्दा तुमचा बरोबर होता. मला तो अजून आवडत नाही. पण माझ्या मनात आता तुमच्याबद्दल काही नाही. जा आत."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग वळले आणि मला बसा म्हणायचं, धन्यवाद म्हणायचं, सगळं विसरून आत गेले. आतून जरा गलबला ऐकू आला, कुणीतरी बाई मोठ्यानं रडली, ती त्यांची बायको असावी. मग पेटीचा सूर लागला. हे मात्र सरांचंच वाजवणं. सगळी शेड एका सुरात गायला लागली. मला कुठे जावं ते सुचेना. मी त्या लाल खुर्चीवर बसले आणि गाणं संपेपर्यंत चपला राखल्या.

माझी जागा काही वाचली नाही. जानेवारीपासून सरांबरोबर मीही भट्ट्यांवर जायला लागले. अकरापैकी नऊ मुलं परत आणली, कुणाला आजीकडे ठेवलं, कुणाला मावशीकडे. खरीखुरी हजेरी लागली आणि सरांच्या चुकांची चौकट पुन्हा भरू लागली. पण कागद आधीच पुढे गेला होता. आदेश आला, पोलादपूर तालुका. लेकीला मी बरोबर न्यायचं आणि सासूबाईंजवळ त्यांच्या बहिणीनं येऊन राहायचं असं ठरलं.

निघायच्या आधीच्या शनिवारी मी सामान बांधत होते आणि दारापासून चार हातांवर स्कूटर थांबली. सासूबाईंनी मला हाक मारली आणि सरांना विचारलं की आज काय, कुठं भांडलात दोघं. आमचं भांडण काही झालं नव्हतं. सर हेल्मेट काखेत धरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही. मी पाहिलं तर हात पांढरा होता, राग नसताना.

"आज मुद्द्याबद्दल आलोय," ते म्हणाले. "बरोबर होता तो. पुन्हा कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण माझ्या बरोबर असण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर आलं, आणि मी दर शनिवारी येऊन फक्त आवाजाची माफी मागत राहिलो. या घराचं काय होईल हे मी त्या दिवशी विचारातच घेतलं नाही. ते घ्यायला हवं होतं."

मला रडू येत होतं. मी आत जाऊन तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. ते पाणी प्यायले आणि तांब्या जपून खाली ठेवला.

"उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "आत बसा, सर. माझ्याकडून काही राहिलेलं नाही."